नऊ मिनिटांची संध्याकाळ

२ फेब्रुवारी, रविवार

बावन्न माणसं होती. संपलं तेव्हा सव्वीस.

पोचायला मलाच उशीर झाला. हॉलमध्ये शिरले तेव्हा दिवे मालवले होते. कुणाच्या तरी पायावर पाय दिला. "दिसत नाही का हो बाई?" — चित्रपट सुरू व्हायच्या आधीच पहिला अभिप्राय!

पत्रकावर मी चार ओळी छापल्या होत्या. एकाने त्या पत्रकाचा पंखा केला होता. त्या ओळी इथे लिहून ठेवते, निदान एका कागदावर तरी वाया जाऊ नयेत. चित्रपटाचं नाव 'बटण'. तेरा मिनिटं. एक खोली. टेबलाशी बाबा जुने ब्रश पुसत बसलेत — चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्या त्यांनी. आता ब्रश आहेत, डोळे नाहीत. बाहेर संध्याकाळ होते. खोलीतला उजेड हळूहळू जातो. नऊ मिनिटं. दिवा कुणी लावत नाही, कारण खोलीतल्या माणसाला तो लागत नाही. मग पूर्ण काळोख, चार मिनिटं. नुसता आवाज. बाबा उठतात, स्वयंपाकघरात जातात, चहा करतात, कप घेऊन परत येतात. संपलं.

काळोख झाला आणि शिट्ट्या सुरू. "लाइट गेली!" "अहो ऑपरेटर, झोपलात का?" चहा कपात ओतल्याचा आवाज आला तेव्हा मागून कुणीतरी — "आम्हालाही आणा, साखर कमी!" सगळा हॉल हसला. मग "बटण दाबा की कुणीतरी!" पुन्हा हशा. मी भिंतीला पाठ लावून उभी होते. बसायला जागा सापडली नव्हती.

नंतर चर्चा. चर्चा असतेच. फिल्म क्लबच्या सचिवांनी हात जोडून सांगितलं, मोकळेपणाने बोला. बोलले! एक टक्कलवाले गृहस्थ म्हणाले, "तेरा मिनिटांत मी घरी जाऊन, जेवून परत आलो असतो." मग जायचं होतं. वहीत टिपणं घेणारी एक मुलगी उठली. हा काळोख म्हणजे आधुनिक माणसाची पोकळी आहे, म्हणाली. हिचा राग टकल्यापेक्षा जास्त आला. ते माझे बाबा आहेत, पोकळी नव्हे. तिसरी एक बाई, शांत, शिक्षिका असावी — "चांगला लख्ख उजेड होता, म्हातारे काम करत होते, आणि एकदम पडद्याला काय झालं?"

दादा तिसऱ्या रांगेत होता. मला न भेटता गेला.

३ फेब्रुवारी

लख्ख उजेड! नऊ मिनिटं बाई डोळे मिटून बसली होती.

५ फेब्रुवारी, बुधवार

ऑफिसात दिवसभर 'शिडीचा सुरक्षित वापर' कापत बसले. कारखान्यांतल्या कामगारांना दाखवायची फिल्म. माणूस शिडी लावतो, हलवून बघतो, चढतो, उतरतो. ह्याला कुणी शिट्ट्या मारत नाही.

शेजारच्या खोलीत कानसेन बसतो. आवाजाचं काम त्याचं, नाव मी ठेवलेलं. वीस वर्षांची ओळख. रविवारी आला होता. तीन दिवस माझ्या वाऱ्याला उभा राहिला नाही. आज डबा खाताना तोंड उघडलं.

"आवाज उत्तम. त्यांची पावलं ऐकून अंगावर काटा आला."

"आणि चित्र?"

"चित्राचं नको विचारूस."

"विचारलं."

"संध्याकाळ कुठे आहे गं त्यात? दुपार, दुपार, दुपार, आणि मग खड्डा. मला खरंच वाटलं बल्ब उडाला."

त्याने पोळीचा तुकडा मोडला. "आलेख तरी उघडून बघितलास का एकदा?"

चित्रातला उजेड मोजणारा आलेख पडद्याच्या कोपऱ्यात उघडता येतो. उजेड असला की रेघ वर, अंधार झाला की खाली. नवशिके त्या रेघेकडे बघून चित्र लावतात. मी तो कधीच बंद करून टाकला. डोळे कशाला दिलेत? हेच त्याला ऐकवलं. "बरं बाई," म्हणाला आणि डबा झाकला.

त्या नऊ मिनिटांवर मी सहा आठवडे घालवलेत. शूट केलेलं चित्र फारच काळोखं आलं होतं, चौथ्या मिनिटालाच बाबांचे हात दिसेनासे. त्यातला उजेड थोडा थोडा वर उचलला. आता ते नवव्या मिनिटापर्यंत दिसतात. जेमतेम. जेमतेमच हवे होते.

६ फेब्रुवारी

आवाजाची स्तुती केली त्याने. तेव्हापासून तोंड कडू.

ती पावलं बाबांची नाहीत. माझी आहेत.

रेकॉर्डरचं बटण एकदा दाबलं की यंत्र तयार होतं, दुसऱ्यांदा दाबलं की सुरू होतं. मी एकदाच दाबलं. सगळं संपल्यावर बंद करायला म्हणून पुन्हा दाबलं — तेव्हा ते सुरू झालं! बाबा काळोखात चहा करत होते तेव्हा मुकं. त्यानंतर मी स्टँड घडी करतेय, वायरी गुंडाळतेय, खोकतेय — ते सगळं स्वच्छ, अकरा मिनिटं. कॅमेऱ्याच्या आवाजात नुसती फ्रिजची घरघर. दुसऱ्यांना शिडी चढायला शिकवते मी.

बाबांना पुन्हा सांगायची सोय नव्हती. आधीच बजावलं होतं त्यांनी, "एकदाच करीन. मला नाटक जमत नाही." म्हणून जानेवारीत तीन दुपारी, ते आत झोपलेले असताना, मी त्यांच्या चपला पायात घातल्या, डोळे मिटले आणि चालले. टेबलापासून ओट्यापर्यंत, वीस पावलं. दोनदा पॅसेजमधल्या स्टूलला गुडघा आपटला. तिसऱ्या दुपारी नीट जमलं — जवळजवळ. मग कप, पातेलं, गॅस.

कुणालाही सांगितलेलं नाही. अख्खा हॉल काळोखाशी भांडला. खोटं होतं ते आवाजात, आणि त्यालाच तेवढं कुणी बोललं नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

दादा आणि वहिनी. चहा घेतला नाही, म्हणजे भांडायलाच आले होते.

"आंधळ्या बापाचा तमाशा मांडलास."

"त्यांना विचारून केलंय."

"ऐकवलंस त्यांना? काय केलंयस ते?"

नाही ऐकवलं. दोनदा विचारलं, दोनदा "नको" म्हणाले. तिसऱ्यांदा मी आग्रह केला नाही, आणि का केला नाही ते मला माहीत आहे. त्यांच्या कानांसमोर ती पावलं टिकायची नाहीत.

दादाने दोन गोष्टी बजावल्या. एक — ९ मार्चला क्लबचा वार्षिक कार्यक्रम आहे, त्यात 'बटण' पुन्हा दाखवणार. त्याआधी बाबांनी ऐकायचं आणि ते नाही म्हणाले तर फिल्म पुसून टाकायची. पुसून, कपाटात ठेवून नाही. दोन — २ मार्चला तो बाबांना आपल्याकडे घेऊन जाणार. कायमचं.

"हे तू ठरवणार?"

"त्यांनीच सांगितलंय. फोन करून. विचार जाऊन."

वहिनी मधे पडली, "ताई, तुम्ही दमताही ना..." मी म्हटलं, मी दमले की सांगेन. जाताना दादा दारात थांबला. "स्वतःचे डोळे तपासून घ्यायला सहा वर्षं वेळ नाही तुला. बापाचं आंधळेपण लोकांना दाखवायला आहे."

बाबांचा आजार घराण्यातून उतरतो. दादाने बाबांचं कळलं तेव्हाच तपासून घेतलं, तो सुटला. मी पुढच्या महिन्यात जाणार आहे. दर महिन्याला पुढच्या महिन्यात.

दार लावून आत गेले. बाबा पलंगावर बसून होते. सगळं ऐकलेलं.

"तुम्ही फोन केलात त्याला?"

"केला."

"का?"

"तुझ्याच्याने नाही व्हायचं."

सहा वर्षं होतंय माझ्याच्याने!

१० फेब्रुवारी

म्हणजे त्यांनाही नको आहे ती फिल्म. तोंडावर म्हणत नाहीत एवढंच.

१४ फेब्रुवारी

सचिवांनी अभिप्रायाच्या चिठ्ठ्या पाठवल्या. पाकिटावर लिहिलंय, 'मनाला लावून घेऊ नये'. एकतीस चिठ्ठ्या, अर्ध्यातून उठून गेलेल्यांच्याही. काही उतरवते.

'अप्रतिम! माझी आजी आठवली.' — आजीचा काय संबंध?

'दिग्दर्शिकेने पुढच्या वेळी कॅमेऱ्याची टोपी काढावी.'

'शेवटी रडले. का ते माहीत नाही.' — हिने माहिती काढून कळवावं.

'हा प्रयोग आहे असं सांगण्यात आलं. प्रयोग फसतात.'

'उजेडातून अंधारात अचानक जाणं हा प्रेक्षकाला मारलेला फटका आहे. फटका आवडला.' — अचानक!

'दिवसाढवळ्या शूट करून संध्याकाळ कशी म्हणता?'

'नऊ मिनिटं भिंतीवरचं मागच्या वर्षीचं कॅलेंडर वाचत बसलो. निदान पान तरी उलटायचं.' — थाप! तिसऱ्या मिनिटाला भिंतच दिसेनाशी होते. माणसं हॉलमध्ये न बसताही चिठ्ठ्या लिहितात.

सचिवांनी तळाशी जोडलंय: काळोख चार मिनिटांऐवजी तीस सेकंद करता येईल का? 'सगळ्यांच्याच सोयीचं होईल.'

नाही करता येणार. तसं एका ओळीत कळवलं. 'आपली नम्र' लिहिलं आणि खोडलं.

१७ फेब्रुवारी

बाबांनी पॅसेजमधलं स्टूल उचलून गॅलरीत ठेवलं. पंधरा वर्षं तिथे होतं ते. विचारलं, का? "मधे येतं."

त्यांना ते कधी मधे आलेलं नाही. ते डोळे असल्यासारखे वळसा घालून जातात. घर आवरून ठेवतायत. जायची तयारी.

२० फेब्रुवारी

आता परीक्षा घ्यायला लागलेत. संध्याकाळी ऑफिसातून आले — हल्ली चालतच येते, स्कूटर नको वाटते, समोरच्या गाड्यांचे दिवे डोळ्यांत घुसतात — चपला काढून आत वळले आणि कशावर तरी धडकले. बाबा! पॅसेजमध्ये मधोमध उभे, हाताची घडी घालून.

"असे काय उभे राहता?"

"दिसलो नाही?"

"दिवा लावला नव्हता ना!"

"पावणेसहा वाजलेत," म्हणाले. "खिडकी उघडी आहे."

आणि भिंतीला हात न लावता आपल्या खोलीत गेले. टोमणे मारायला माणसाला डोळे लागत नाहीत.

२१ फेब्रुवारी

सकाळी गोळ्यांचं पाकीट पुढे केलं. "वाच. अगदी बारीक आहे ते." वाचलं. तारीख, बॅच नंबर, सगळं घडाघडा. "समाधान?" म्हटलं. त्यांचा चेहरा मात्र वाचणाऱ्याने चूक केल्यासारखा.

काय हवंय ह्यांना?

२५ फेब्रुवारी

कानसेनशी कडाक्याचं भांडण. तो माझ्या नकळत 'बटण' उघडून बसला होता. "नऊ मार्चच्या आधी एकदा चित्रातला उजेड खाली आण. मी आणून देतो. तुझ्या कुणी लक्षात आणून देत नाहीये म्हणून —"

"सगळे आणूनच देतायत!"

"मग ऐक ना! एकतीस लोक वेडे आणि तू एकटी शहाणी?"

"तू कानांचं बघ."

म्हणाला, "कानांचंच बघतोय. ती पावलं कुणाची आहेत ते मला पहिल्याच दिवशी कळलं. गप्प बसलो ते तुझ्यासाठी."

माझ्या हातातला पेन खाली पडला. टेबलाखाली चाचपडत राहिले. त्यानेच उचलून दिला.

२८ फेब्रुवारी

बाबांची बॅग भरली. शर्ट सहा. रेडिओ. ब्रशांचा डबा त्यांनी बॅगेतून काढायला लावला. "तो इथेच राहू दे."

कुणासाठी, विचारलं नाही. रागात होते.

२ मार्च, रविवार

क्रमाने लिहिते, म्हणजे नीट लिहिलं जाईल.

दादा-वहिनी अकराला आले. बॅग दारात. दादाने विचारलं, "ऐकवलंस?" मी म्हटलं, नाही. आणि पुसून टाकते म्हणायला तोंड उघडलं — खरंच उघडलं होतं — तर बाबा म्हणाले, "जायच्या आधी ऐकतो. लाव."

लॅपटॉप टेबलावर ठेवला. बाबा त्याच खुर्चीत. दादा मागे उभा, वहिनी दाराशी. नऊ मिनिटं ब्रशावर फडकं फिरल्याचा आवाज. बाबांची बोटं मांडीवर त्याच तालात हलत होती. मग पावलं.

बाबांनी मान वर केली.

"थांबव."

थांबवलं.

"चपला माझ्या आहेत. पाय तुझे आहेत."

दादा म्हणाला, "म्हणजे?"

"ओट्यापर्यंत अठरा पावलं आहेत. हिने वीस टाकलीत. बाराव्याला थबकलीय, तिथे स्टूल होतं."

सांगून टाकलं सगळं. रेकॉर्डर, उलटं बटण, तीन दुपारी. दादा "शाब्बास!" म्हणाला, आणि ते शाब्बासकीचं नव्हतं. बाबांनी हात वर करून त्याला गप्प केलं.

"जानेवारीतल्या दुपारी? ते ह्याच्यासाठी?"

"हो."

"डोळे मिटून?"

"हो."

"मुद्दाम?"

"मुद्दाम, बाबा."

ते हसायला लागले. जानेवारीपासून पहिल्यांदा. इतके हसले की खोकला आला, वहिनीने पाणी दिलं.

"मी झोपलो नव्हतो. पाय खाली सोडले, तर चपला नाहीत. आणि बाहेर त्या चालताहेत! आपटतायत, थांबतायत, पुन्हा पहिल्यापासून. तीन दिवस. मी पण असंच केलं होतं गं. तू ऑफिसला गेलीस की. तुम्हाला सांगायच्या आधी वर्षभर पावलं मोजून पाठ करत होतो. मला वाटलं, हिचेही गेले. लपवतेय."

बाबांनी दादाच्या दिशेने बोट केलं.

"म्हणून ह्याला म्हटलं, मला ने. ती स्वतःला सांभाळील की मला?"

दादा पुढे आला. "मला का नाही सांगितलंत?"

"तिने नव्हतं सांगितलं. मी कसं सांगू?"

स्टूल. पॅसेज. गोळ्यांचं पाकीट. मी तीन आठवडे ह्या माणसाशी मनातल्या मनात भांडत होते. "बाबा, मला सगळं दिसतं," म्हटलं. रडत असावे.

"मग दाखव लोकांना. शिट्ट्या मारू देत. आणि पाय तुझे आहेत असं छाप. बॅग आत ठेव रे."

दादाने बॅग आत ठेवली. वहिनी चहा टाकायला वळली. बाबांनी माझं मनगट धरलं. "आता चित्र सांग. आवाज कळला. चित्रात काय होतं?"

सांगायला लागले. "तुम्ही टेबलाशी. खिडकीतून उजेड. मग कोपरे जातात. मग भिंत जाते. मग खांदे, डोकं. शेवटी नुसते हात. मग तेही नाहीत."

"काय सांगतेस?" दादा. भांडण संपलं होतं, तो सहज बोलत होता. "कोपरे कुठे जातात? शेवटपर्यंत लख्ख आहे सगळं. मग एकदम बंद. तेच तर लोक ओरडत होते."

"भिंत तर जातेच," मी म्हटलं.

वहिनी दारातूनच म्हणाली, "नाही हो ताई. कॅलेंडर वाचता येतं. मागच्या वर्षीचं आहे."

मनगटावरचा हात तसाच होता. हसू थांबलं होतं.

"बरोबर," बाबा हळूच म्हणाले. "कोपरे आधी जातात."

४ मार्च

आलेख उघडला. नऊ मिनिटं रेघ जवळजवळ सपाट. उतार असलाच तर केसाएवढा. कानसेन मागे उभा होता.

डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ गुरुवारी.

घरी आले तर बाबा पॅसेजमध्ये. त्यांनी आपल्या चपला पायाने माझ्यापुढे सरकवल्या.

"अठरा," म्हणाले. "वीस नाही."